‘हिला दूधच नाही’ : चिकटलेली जीभ आणि अंगावरचं दूध

१९९४ च्या पावसाळ्यात केळशीतल्या आमच्या माजघरात माझ्या सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, “हिला दूधच नाही.” मुलगा तेव्हा अठरा दिवसांचा होता. बोलण्यात राग नव्हता, कीवच होती. पाऊस धरलाय, लाइट गेलेत, हिला दूध नाही, अशा ओळीतलं ते एक वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी दापोलीहून पावडरचा डबा आला आणि माळ्यावरचं पितळी बोंडलं घासून खाली आलं. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतंच. स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या, मूल तासतास तोंडात धरून राहायचं आणि सोडलं की पुन्हा रडायचं. दूध असतं तर ते रडलं असतं का?

गेल्या वर्षी, २०२४ च्या श्रावणात, त्याच घरात त्याच मुलाचा मुलगा रडत होता. सुनेची आई हयात नाही, म्हणून ती बाळंतपणाला इथेच आली होती. सातव्या दिवशी मी स्वयंपाकघरात अळिवाची खीर ढवळत होते आणि माझ्या तोंडावर तेच वाक्य आलं. ते ओठाबाहेर पडलं नाही एवढंच. हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. ते किती वेळा खोटं असतं आणि त्याच्यामागे कधीकधी काय दडलेलं असतं, हे मी गेलं वर्षभर शोधते आहे. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं. वैद्यक मी मिळेल तिथून वाचलं, समजलं नाही तिथे जाणत्यांना विचारलं. तेवढं ध्यानात ठेवून वाचावं.

आधी आमच्या बाळाची हकीकत. जन्माच्या वेळी वजन २९०० ग्रॅम. सातव्या दिवशी आशाताईंच्या झोळीच्या काट्यावर ते २६४० भरलं. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, सातेक टक्क्यांपर्यंत ते नेहमीचंच धरतात. दहा टक्क्यांच्या जवळ गेलं की लक्ष घालायचं आणि दहा ते चौदा दिवसांत जन्मवजन परत यायला हवं. आमचं नऊ टक्के उतरलं होतं आणि चौदाव्या दिवशी जेमतेम २६८० झालं होतं. दरम्यान आम्ही सगळं केलं. डिंकाचे लाडू, शतावरी, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट. एका खासगी दवाखान्यातही जाऊन आलो. तिथे बाळाला तपासलं, पण पिताना कुणी पाहिलं नाही. “दूध कमी दिसतंय, वरचं सुरू करा,” असं सांगितलं. वरचं दूध हा आपला शब्द मोठा सूचक आहे. आईचं ते अंगावरचं, बाकी सगळं वरचं.

चौदाव्या दिवशी वजन लिहून घेताना बाळ रडायला लागलं आणि आशाताई वाकून बघत राहिल्या. म्हणाल्या, “काकू, याची जीभ बघा हो. एवढा आकांत करतोय, पण जीभ वर येतच नाही.” आम्ही बॅटरी आणली. जिभेचं टोक मधोमध आत ओढलेलं होतं, बदामाच्या आकारासारखं, आणि खालून एक पांढुरका पातळ पडदा थेट टोकापर्यंत आलेला होता. चौदा दिवस त्या घरात चार बायका वावरत होत्या. आईच्या पदराखाली दूध किती, याचा अंदाज प्रत्येकीने घेतला होता. बाळाच्या तोंडात कुणीही पाहिलं नव्हतं.

जिभेच्या खालच्या बाजूला हा पडदा सगळ्यांनाच असतो. आरशासमोर जीभ टाळूला लावली की दिसतो. गर्भात जीभ तोंडाच्या तळापासून सुटी होताना मागे राहिलेली ही घडी. २०१९ साली न्यूझीलंडमधल्या निकी मिल्स यांनी शवविच्छेदन करून दाखवलं की तो एखाद्या दोरीसारखा वेगळा तुकडा नसतो. तोंडाच्या तळाचा जो सलग पदर आहे, त्याचीच ती वर उचलली गेलेली घडी असते. म्हणून ती कुणात लांब, कुणात आखूड, कुणात जाड, कुणात पारदर्शक. ती इतकी आखूड किंवा इतकी पुढे जोडलेली असली की जिभेची हालचाल अडते, तर आपल्याकडे ‘जीभ चिकटलेली आहे’ म्हणतात आणि डॉक्टर ‘टंग-टाय’ म्हणतात. (पडजीभ ती वेगळी. ती घशाच्या दाराशी लोंबते. गावात या दोहोंची सर्रास गल्लत होते.) जन्मलेल्या बाळांत साधारण ४ ते १० टक्क्यांत ही गोष्ट आढळते असं निरनिराळ्या पाहण्या सांगतात. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, म्हणून आकडाही ताणला जातो. मुलग्यांत जास्त, आणि घराण्यात उतरते.

पण जिभेचा आणि दूध पिण्याचा संबंध काय? मला वाटत होतं बाळ ओठांनी चोखतं, आपण आंब्याची कोय चोखतो तसं. तसं नसतं. बाळाला नुसतं स्तनाग्र तोंडात धरायचं नसतं. भोवतीचा काळसर भागही बराचसा आत घ्यायचा असतो, इतका की स्तनाग्र टाळूच्या मागच्या भागाजवळ, कठीण टाळू संपून मऊ टाळू सुरू होते तिथवर पोचावं. त्यासाठी जीभ खालच्या हिरडीच्या पुढे यावी लागते आणि पन्हळीसारखी खोलगट व्हावी लागते. मग जबडा आणि जीभ खाली जाते, तोंडात पोकळी तयार होते आणि त्या ओढीने दूध येतं. ऑस्ट्रेलियात पर्थच्या डोना गेडेस यांनी सोनोग्राफीने बाळांच्या तोंडातली ही हालचाल टिपली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात जीभ खाली जाते तेव्हाच दूध वाहतं, असं दिसलं. तोवर पुष्कळांची समजूत होती की जीभ दूध पिळून काढते.

आता हीच जीभ खाली जखडलेली धरा. ती हिरडीच्या पुढे येत नाही, म्हणून हिरडी थेट स्तनाग्रावर आवळली जाते. आईला सुईसारखी कळ येते आणि बाळाने सोडलं की स्तनाग्र एका बाजूने चपटं झालेलं दिसतं. पकड सुटत राहते, तेव्हा टक्-टक् असा आवाज येतो. आमच्या घरात तो आवाज आला की आम्ही कौतुकाने म्हणायचो, बघा कसा मचमच पितोय! ओढ पुरेशी नसल्याने बाळ थकतं, दूध तोंडात असतानाच झोपतं आणि वीस मिनिटांत पुन्हा भुकेने उठतं. आईला वाटतं, तासभर पाजलं. बाळाने त्यातली दहा मिनिटंही प्यायलेलं नसतं.

आणि इथेच त्या वाक्याची मेख आहे. ‘हिला दूध नाही’ हे सुरुवातीला खोटं असतं, पण काही दिवसांनी खरं होतं. बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दूध भरून येतं ते शरीरातल्या संप्रेरकांच्या उलथापालथीने. वार पडली की ती यंत्रणा आपोआप चालू होते, बाळ पीत असो वा नसो. पण त्यानंतर किती दूध बनायचं हे किती दूध बाहेर गेलं त्यावर ठरतं. स्तन रिकामा झाला तर भरतो, भरलेला राहिला तर शरीर काम आवरतं घेतं. कोकणात हे वेगळं समजावून सांगायला नको. विहीर उपसली की झरे मोकळे होतात, आणि म्हैस नीट पिळली नाही तर आटते, हे गोठ्यात वावरलेल्या कुणालाही ठाऊक असतं. गोठ्यात हे ज्ञान वापरणारी माणसं माजघरात मात्र ते विसरतात. बाळ ओढत नाही म्हणून दूध कमी होतं, कमी झालं म्हणून वरचं दूध सुरू होतं, वरचं पोटात गेलं की बाळ आणखी कमी ओढतं. पंधरा दिवसांत वाक्य खरं ठरतं आणि ते उच्चारणाऱ्याला वाटतं, मी सांगत नव्हते का?

आईच्या माथी हे मारण्याची परंपरा जुनी आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानातल्या दहाव्या अध्यायात दूध नाहीसं होण्याची कारणं दिली आहेत, त्यांत राग आणि शोक यांच्या जोडीला वात्सल्य नसणं हेही आहे. चांगल्या दुधाची परीक्षा आहे, दाई कशी निवडावी याचं तपशिलाने वर्णन आहे. पिणाऱ्याच्या जिभेला मात्र या हिशेबात जागा नाही. सुश्रुतावर अन्याय नको. मुलाचा स्पर्श, दर्शन, नुसती आठवण यांनीही दूध वाहू लागतं असं निदानस्थानात त्याने सांगितलं आहे आणि ते अचूक आहे. आपण त्याला पान्हा म्हणतो. मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, दुधाच्या गाठींभोवतीचे बारीक स्नायू आवळतात आणि दूध पुढे ढकललं जातं, ही सगळी क्रिया त्या एका मराठी शब्दात मावते. वेदना आणि धास्तीने पान्हा अडखळतो, हेही खरं आहे. पण ज्या बाईचं स्तनाग्र दर दोन तासांनी चेचलं जातंय, तिचा पान्हा अडखळला तर दोष तिच्या वात्सल्याचा कसा? आपलं व्याकरणसुद्धा याला थोडी साथ देतं. पिणं बाळाचं, पण बोलताना आपण बहुधा ‘पाजणं’ म्हणतो आणि पाजण्याचा कर्ता नेहमी आई.

जीभ सोडवण्याचा उपाय मात्र जगात जुना आहे. पहिल्या शतकातल्या रोममधल्या सेल्ससने आपल्या वैद्यकग्रंथाच्या सातव्या भागात जन्मतः बांधलेली जीभ कशी कापावी ते लिहिलं आहे, पण तिथे चिंता बोलण्याची आहे. युरोपातल्या काही सुइणी त्यासाठी एक नख वाढवून ठेवत, असं जुन्या लेखनात येतं. विसाव्या शतकात बाटली आली आणि हा विषय मागे पडला. बाटलीतून दूध यायला जिभेची एवढी कसरत लागत नाही. अंगावरच्या दुधाचं महत्त्व पुन्हा पटू लागलं तेव्हा जीभही पुन्हा दिसू लागली. आपल्याकडे स्तनपानाच्या प्रसारासाठी झटणारी ‘बीपीएनआय’ ही संस्था १९९१ च्या डिसेंबरात वर्ध्यात स्थापन झाली. डबाबंद दुधाच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९९२ चा. म्हणजे माझ्या घरी डबा आला तेव्हा तो कायदा होता. केळशीत त्याची वार्ता नव्हती.

बाळाच्या तोंडात पडदा दिसला तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया होती की आजच्या आज कापून टाका. ज्यांच्याकडे आम्ही नंतर गेलो त्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी कात्री काढली नाही. त्या म्हणाल्या, “आधी मला पाजून दाखव.” पंधरा मिनिटं त्या सुनेच्या बाजूला स्टुलावर बसून नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी बाळाला धरण्याची पद्धत बदलली. उजव्या बाजूला पाजायचं तर बाळाला डाव्या हातावर आडवं घ्यायचं, पोटाला पोट लावून, त्याच्या मानेला कानांच्या मागून आधार द्यायचा. बाळाची हनुवटी आधी स्तनात रुतली पाहिजे आणि तोंड जांभईएवढं उघडेपर्यंत थांबायचं. ही पकड शिकवण्याचं काम महाराष्ट्रात डॉ. रूपल दलाल यांनी बरंच पुढे नेलं आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पात त्यांच्या मार्गदर्शनाखाली केलेले व्हिडिओ मराठीतही आहेत. शिवाय दिवसातून आठ वेळा हाताने दूध काढून ते वाटी-चमच्याने पाजायचं ठरलं. काढलेलं दूध स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात साधारण चार तास बाहेर चालतं. त्या आठवड्यात आमच्या घरात पावडरचा डबा आला नाही. बोंडलंही माळ्यावरच राहिलं, कारण त्याच्या तोटीच्या आतलं घासता येत नाही.

एकविसाव्या दिवशी वजन २८५० झालं. पण सुनेची कळ कमी झाली नव्हती. एकदा बाळाला घेताना तिने दात आवळून उशीचा कोपरा मुठीत धरलेला मी पाहिला. पंचविसाव्या दिवशी पडदा कापला. घराण्यात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का, जन्मानंतर ‘के’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं होतं का, हे आधी विचारलं गेलं. दुपट्यात गुंडाळून एकीने डोकं धरलं, जीभ वर उचलली आणि बोथट टोकाच्या कात्रीने एक छेद. रक्ताचे दोन-तीन थेंब. लगेच अंगावर घेतलं. सून माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, टोचत नाहीये.”

इथे लेख संपवला असता तर गोष्ट गोड झाली असती, आणि थोडी खोटीही. वजन वाढू लागलं होतं ते कापण्याच्या आधी, काढलेल्या दुधाने आणि बदललेल्या पकडीने. कापल्याने कळ गेली. बाळाला नव्या जिभेने ओढायला शिकायला आणखी दहा-बारा दिवस लागले. मी वाचलेलं संशोधनही साधारण हेच सांगतं. २००५ साली इंग्लंडमध्ये साउदम्प्टनच्या एका चाचणीत पिण्याची अडचण असलेल्या ५७ बाळांपैकी ज्या २८ जणांची जीभ सोडवली त्यांतल्या २७ जणांना दोन दिवसांत सुधारणा दिसली. न कापता फक्त मार्गदर्शन मिळालेल्या २९ पैकी एकालाच. वाचून वाटतं, वाद मिटला. पण २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा पाच चाचण्या, मिळून ३०२ बाळं, एकत्र तपासली तेव्हा निष्कर्ष सावध निघाला. आईची वेदना थोड्या काळापुरती कमी होते. बाळाचं पिणं सुधारतं असा एकसारखा पुरावा नाही. पुढे २०२३ मध्ये ब्रिटनमधली मोठी चाचणी १६९ बाळांवरच अर्धवट थांबली. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत अंगावर पिणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखं होतं, पण ‘कापायचं नाही’ या गटातल्या बहुतेक आयांनी मधल्या काळात कापूनच घेतलं होतं. त्यांना दोष देणं मला जमत नाही. कळ सोसत चाचणी पूर्ण होण्याची वाट कोण बघेल?

दुसरी बाजूही आहे आणि ती मला जास्त काळजीची वाटते. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींत १९९७ साली टंग-टायची ३,९३४ निदानं होती, ती २०१२ साली ३२,८३७ झाली. पंधरा वर्षांत बाळांच्या जिभा बदलल्या नाहीत, बघणाऱ्यांची नजर बदलली. आता मुंबई-पुण्यातही लेझरने जीभ सोडवण्याच्या जाहिराती मोबाइलवर दिसतात. जिभेसोबत वरच्या ओठाचा आणि गालाचा पडदाही कापावा, असं सुचवतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४ च्या अहवालात स्पष्ट सांगितलं की जीभ चिकटलेल्या बाळांपैकी निम्म्याहून कमी बाळांना पिण्याची अडचण येते. कात्रीपेक्षा लेझर सरस असल्याचा पुरावा नाही, आणि पुढे बोबडं बोलेल या भीतीने तान्ह्याची जीभ कापण्याला आधार नाही. ही भीती आपल्याकडे फार. ‘र’ आणि ‘ळ’ नीट म्हणता यावेत म्हणून पंधरा दिवसांच्या मुलाला घेऊन धावणारे आजोबा मी पाहिले आहेत. म्हणजे पूर्वी तोंडात कुणी पाहत नव्हतं आणि आता पिताना कुणी पाहत नाही. पडदा किती लांब आहे यापेक्षा बाळ गिळतंय का, दिवसाला निदान सहा लंगोट ओले होतात का, वजन रोज वीस-तीस ग्रॅमने चढतंय का आणि आई दात आवळून बसली आहे का, हे बघावं लागतं. त्याला ना यंत्र लागतं ना मोठं रुग्णालय. शेजारी स्टुलावर बसून राहण्याएवढा वेळ लागतो.

आणि तो वेळ गावात कुणाकडे असेल तर आशाताईकडे. घरी जाऊन तान्ह्याला बघण्याची ही पद्धत महाराष्ट्रातच घडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले आणि नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं, पुढे देशभरच्या आशांच्या कामात ते उतरलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या येतात. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांसह जन्मजात दोष शोधण्याचा सरकारी कार्यक्रमही २०१३ साली पालघरमधूनच सुरू झाला. त्याच्या यादीत फाटलेला ओठ, दुभंगलेली टाळू आहे. चिकटलेली जीभ नाही. ती यादीत घालावी असा माझा आग्रह नाही, कारण मग प्रत्येक पडद्यामागे कात्री लागेल. पण बाळ पिताना पाच मिनिटं बसून बघण्याचं शिक्षण अधिक पक्कं व्हावं, एवढं वाटतं.

अठ्ठाविसावा दिवस गणपतीचा निघाला. चाकरमानी आले, मुलगाही मुंबईहून आला. बाळ ३०१० ग्रॅम झालं होतं. आरती झाल्यावर, घर जरा निवांत झालं तेव्हा, मी त्याला पडवीत बोलावलं आणि म्हटलं, “जीभ बाहेर काढ बघू.” तीस वर्षांचा बाप्या, हसायला लागला. पण काढली. टोकाशी मधोमध खाच होती. खालच्या ओठापलीकडे जीभ आली नाही. इतकी वर्षं आइस्क्रीमचा कोन त्याला नीट चाटता येत नाही म्हणून आम्ही त्याची थट्टा करत होतो.

१९९४ साली नेमकं काय झालं हे आता सिद्ध करता येणार नाही. मी तसा दावाही करत नाही. एक खाच म्हणजे पुरावा नव्हे. सासूबाई गेल्याला अकरा वर्षं झाली आणि त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी मात्र त्या संध्याकाळी सुनेला पहिल्यांदा सांगितलं की हा डब्यावर वाढला, आणि मला दूध नव्हतं असं सगळे म्हणायचे. ती बाळाला पाजत होती. म्हणाली, “कुणी बघितलं होतं का हो आई, तुम्ही पाजताना?”

बेचाळिसाव्या दिवशी आशाताई शेवटच्या भेटीला आल्या. ३४५० ग्रॅम. फॉर्म भरून झाल्यावर त्यांनी कागदाच्या कडेला, जिथे कुठलाच रकाना नव्हता तिथे, पेनाने बारीक अक्षरांत लिहिलं : जीभ सोडवली, अंगावर पितो.